ओवा कशावर, सोडा कशावर आणि पुदिना कधी नाही

पोट बिघडलंय असं नुसतं म्हणून बघा, आजूबाजूच्या चार जणांकडून चार उपाय येतात. एक म्हणतो सोडा घे, दुसरी म्हणते ओवा चाव, तिसरा आल्याचा रस सांगतो आणि चौथी पुदिन्याचा काढा करायला उठलेलीच असते. गंमत म्हणजे यांतलं कुणीच खोटं बोलत नसतं. प्रत्येकाला आपापल्या उपायाने कधी ना कधी खरोखर बरं वाटलेलं असतं. घोळ आहे तो ‘अपचन’ या शब्दात. निदान चार वेगळ्या तक्रारींना आपण हे एकच नाव देतो, आणि एकीवर लागू पडणारा उपाय दुसरीवर निरुपयोगी, कधी चक्क उलटा पडणारा असतो.

पहिली तक्रार जळजळीची: छातीच्या मधोमध आग, घशाशी आंबट पाणी. दुसरी वायूची: पोट ढोलासारखं फुगलंय, कळा येताहेत, वारा सरला की तात्पुरतं हलकं वाटतं. तिसरी जडपणाची: चार घास खाल्ले तरी पोट गच्च, दोन तासांनीही जेवण जागेवरच बसल्यासारखं. चौथी मळमळ. दुखणं नेमकं कोणतं, हे आधी स्वतःला विचारायला हवं. औषधाचा डबा उघडायचा तो त्यानंतर.

जठरात काय चालतं हे माणसाला फार उशिरा कळलं, आणि ज्या रीतीने कळलं ती अंगावर काटा आणणारी आहे. 1822 साली उत्तर अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला चुकून बंदुकीचा बार लागला. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने त्याला वाचवलं, पण पोटाची जखम पूर्ण भरली नाही. थेट जठरात उघडणारं भोक कायमचं राहिलं. मग 1825 पासून बोमाँटने रेशमी दोऱ्याला मांसाचे, पावाचे, कोबीचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडायला आणि तासातासाने ओढून बघायला सुरुवात केली. कोबी आणि पाव आधी विरघळले, मांस मागून. बिचाऱ्या सेंट मार्टिनला या प्रकाराचा वैताग येई, आणि त्यातूनच बोमाँटला एक निरीक्षण मिळालं: हा माणूस चिडलेला असला की पचन मंदावतं. ‘रागाने जेवलं तर अंगी लागत नाही’ असं घरात म्हणतात ना, त्याची ही जवळजवळ आँखो-देखी साक्ष. (सेंट मार्टिन पुढे भोकासकट 1880 पर्यंत जगला. डॉक्टर त्याच्या बराच आधी गेला.)

त्याच सुमारास, 1824 मध्ये, विल्यम प्राउट या इंग्लिश डॉक्टरने जठरातलं आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याचं दाखवलं. जठर दिवसाला साधारण दोन लिटर पाचक रस तयार करतं. हा रस इतका तीव्र असतो की जठराला स्वतःच्या भिंतीवर चिकट पदार्थाचा थर सतत लावत राहावा लागतो. अन्ननलिकेला मात्र असं चिलखत नाही. जठर आणि अन्ननलिका यांच्यामध्ये स्नायूंची एक झडप असते. ती सैलावली की आम्ल वर चढतं आणि छाती पेटते. थोडक्यात, जळजळ होते म्हणजे आम्ल फार झालंय असंच नाही. बहुतेक वेळा आम्ल नेहमीइतकंच असतं, नको तिथे पोचलेलं असतं.

आता सोड्याकडे येऊ. इथे सोडा म्हणजे खायचा सोडा, सोडियम बायकार्बोनेट. कपडे धुण्याचा सोडा वेगळा आणि तो घशाला भाजतो, तेव्हा डब्यावरचं नाव वाचूनच हात घाला. खायचा सोडा आम्लाला भेटला की मीठ, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. आम्ल खरोखर मरतं, तेही दोन-चार मिनिटांत. नंतर येणारी ती खणखणीत ढेकर म्हणजे तयार झालेला वायू. लोकांना वाटतं अडकलेला गॅस मोकळा झाला. प्रत्यक्षात त्यातला बराचसा गॅस आपणच आत्ता पिऊन बनवलेला असतो! सपाट अर्धा चमचा सोडा पूर्णपणे आम्लाशी लागला तर पाऊण लिटरच्या आसपास वायू देऊ शकतो. एरवी तो हळूहळू सुटतो, म्हणून निभावतं. पण तुडुंब जेवणावर भरपूर सोडा घेतल्याने जठर फाटल्याचे प्रसंग वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत. फार विरळा, पण आहेत. म्हणून पोट तडस लागेपर्यंत भरलेलं असेल तेव्हा सोडा नको, हा नियम मी तरी पाळतो.

लिंबू पिळून सोडा घ्यायची पद्धत या दृष्टीने बरी म्हणायची. ग्लासात लिंबाचा थेंब पडला की सोडा फसफसून वर येतो, कडेने ओघळतो आणि आपण घाईघाईने तोंड लावतो. ती घाई करू नका. फेस बसू द्या. वायू ग्लासातच निघून जातो आणि मागे सोडियम सायट्रेट उरतं. तेही आम्ल शोषतं, इतकं की भूल देण्यापूर्वी जठरातलं आम्ल कमी करायला डॉक्टर ते पाजतात. फसफसणाऱ्या क्षारांच्या ज्या पुड्या दीडशे वर्षांहून अधिक काळ विकल्या जाताहेत, त्यांत मुळात हीच जोडी आहे: सोडा आणि सायट्रिक आम्ल.

सोड्यात एक छुपी गोष्ट असते, मीठ. म्हणजे चव खारट लागो न लागो, त्यातलं सोडियम. सपाट अर्ध्या चमच्यात सहाशे मिलिग्रॅमहून अधिक सोडियम भरतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाचं सगळं मिळून 2 ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याने ‘घरचाच तर आहे’ म्हणून रोज सोडा घेणं म्हणजे एका हाताने गोळी आणि दुसऱ्या हाताने मीठ खाण्यासारखं आहे.

दुधाची गोष्ट आणखी मजेशीर. जळजळीवर थंड दूध प्यायलं की लगेच गार वाटतं, हे खरं. दूध आम्लाला थोडं झेलतं. पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला पुन्हा आम्ल सोडायला लावतात. तासाभराने दुखणं परत दारात उभं. हा घरगुती समज एके काळी अगदी डॉक्टरी उपचार होता. 1915 मध्ये शिकागोच्या बर्ट्रम सिप्पी यांनी जठरातल्या व्रणावर तासातासाला दूध-साय आणि सोबत आम्लनाशक चूर्णं असा आहार मांडला, आणि तो कित्येक दशकं चालला. त्यातल्या काही रुग्णांच्या रक्तात कॅल्शियम वाढलं, मूत्रपिंडं बिघडली. त्या दुखण्याला वेगळं नाव द्यावं लागलं. साधंसुधं दूध आणि साधीसुधी पूड, पण मात्रा आणि चिकाटी चुकली की हे होतं.

वायूचं प्रकरण निराळं आहे, तिथे आम्लाचा संबंध थोडाच. पोटातला वायू दोन वाटांनी येतो. बोलत बोलत, घाईने गिळलेली हवा ही एक. ती बहुतेक ढेकरेवाटे परत जाते. दुसरी वाट मोठ्या आतड्यातली: जे आपल्याला पचलं नाही ते तिथले जिवाणू आंबवतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही तयार करतात. डाळी-कडधान्यांतल्या काही साखरा फोडणारं पाचक द्रव्य माणसाकडे नसतंच, त्यामुळे त्या थेट जिवाणूंच्या पंगतीला जातात. दुखतं ते मात्र वायूमुळे कमी आणि आतडं त्याभोवती आवळून धरतं त्यामुळे जास्त.

ओवा, बडीशेप, शेपा, पुदिना, हिंग या मंडळींची कामगिरी इथली. ओव्याचे चार दाणे दाढेखाली चिरडून बघा. आधी कडवट तिखट झणका, मग जिभेचं टोक किंचित बधिर. तो बधिरपणा म्हणजे थायमॉल. तोंड धुण्याच्या औषधी पाण्यात जंतू मारायला घालतात तेच द्रव्य. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आतड्यातले अंकुशकृमी पाडायला डॉक्टर शुद्ध थायमॉल चांगल्या मोठ्या मात्रेत देत. म्हणजे ओव्यात औषध आहे हा काही भ्रम नव्हे. फक्त चिमूटभर ओव्यात ते इतकं थोडं असतं की कृमी पडायची अपेक्षा ठेवू नये. आतड्याचे स्नायू थोडे सैल होतात, वायू पुढे सरकतो, इतपत. बडीशेपेचंही तसंच. शिवाय काहीही चावत बसलं की लाळ सुटते. लाळ थोडी आम्लविरोधी असते आणि गिळताना अन्ननलिका धुऊन काढते. जेवणानंतर बडीशेप चघळण्यातला अर्धा गुण बडीशेपेचा आणि अर्धा चघळण्याचा असावा, असा माझा आपला अंदाज.

पुदिन्याबद्दल पुरावा सगळ्यांत भक्कम आणि धोकाही तिथेच. पुदिन्यातलं मेंथॉल स्नायूंच्या पेशीत कॅल्शियम शिरू देत नाही. कॅल्शियम नाही तर आवळणं नाही. आतड्यातच विरघळणारं वेष्टण चढवलेल्या पुदिना-तेलाच्या कॅप्सूल चिडक्या आतड्याच्या कळांवर उपयोगी ठरल्या आहेत. पण मग ते वेष्टण कशाला? कारण मेंथॉल जठरात सुटलं तर ते वरच्या झडपेलाही सैल करतं. ती सैलावली की आम्ल वर! ज्याला छातीत जळजळ आहे त्याने पुदिन्याचा गरम काढा प्यायला की तोंडाला गारवा, आणि अर्ध्या तासाने छातीत दुप्पट आग. उपाय चांगला आणि तरीही चुकीचा, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

जडपणा आणि मळमळ या दोन्हींवर आलं. जठर रिकामं व्हायला वेळ लागतो तेव्हा गच्चपणा जाणवतो. 1.2 ग्रॅम सुंठ दिल्यावर जठर लवकर रिकामं होतं, असं नकली कॅप्सूलशी तुलना करून तपासलेलं आहे. 1.2 ग्रॅम म्हणजे अर्ध्या चमच्याच्या आसपास पूड. चहात टाकलेल्या आल्याच्या चकतीतून एवढं मिळत नाही, पण वास आणि ऊब मिळते, तेही काही कमी नाही. गरोदरपणातल्या मळमळीवरही आल्याचा पुरावा बरा आहे. मात्र रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सुंठीचे चमचे डॉक्टरला विचारल्याशिवाय नकोत.

जडपणावरचा दुसरा उपाय आपल्या भाषेतच ठेवलेला आहे: शतपावली. जेवणानंतर रमतगमत चाललं की जठर रिकामं व्हायला मदत होते, आणि रक्तातली साखरही कमी उसळते. रमतगमत हे महत्त्वाचं. धावलात तर रक्त पायांकडे वळतं आणि पोट तक्रार करतं. वामकुक्षी हाही तसाच शब्द, वाम म्हणजे डावी बाजू. जठराचा फुगीर भाग डावीकडे असतो. डाव्या कुशीवर आम्ल त्या खळग्यात, झडपेच्या खाली राहतं. उजव्या कुशीवर तेच झडपेवर येऊन टेकतं. जेवल्यावर लगेच आडवं होणं जळजळीला वाईटच, पण व्हायचंच असेल तर डावीकडे. रात्रीही त्रास होत असेल तर पलंगाच्या डोक्याकडचे पाय विटेने पंधरा-वीस सेंटिमीटर उचला. नुसत्या उशा रचल्या तर पोट दुमडतं आणि आम्ल उलट वर ढकललं जातं.

लहान बाळांच्या पोटाबद्दल जरा थांबून बोलायला हवं. 1851 मध्ये इंग्लंडच्या नॉटिंगहॅममधल्या विल्यम वुडवर्ड यांनी बाळांच्या पोटदुखीवर ग्राइप वॉटर काढलं. त्यात शेपाचं तेल, सोडा, साखर आणि सुमारे 3.6 टक्के मद्यार्क होता. बाळ शांत का व्हायचं याबद्दल फार विचार करावा लागत नाही. ब्रिटनमध्ये 1992 नंतर त्यातून मद्यार्क गेला. त्याहून भयंकर दात येतानाच्या पुड्या. त्यांत कॅलोमेल असायचं, म्हणजे पाऱ्याचा क्षार. तळहात-तळपाय गुलाबी होऊन सोलायचे, मूल दिवसरात्र किरकिरायचं, उजेड सोसायचं नाही. पुड्या दातांसाठी, म्हणून किरकिर वाढली की आई आणखी पुडी द्यायची. 1954 मध्ये ब्रिटनमधल्या पुड्यांतून पारा काढला आणि हा ‘गुलाबी आजार’ थोड्याच काळात दिसेनासा झाला. जुनं आहे म्हणून निर्धोक आहे, असं म्हणणाऱ्याला मी ही गोष्ट सांगतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाखेरीज वरचं पाणीसुद्धा लागत नाही, तिथे हिंगपाणी आणि घुट्ट्या दूरच.

पोट सोडून इतर किरकोळ दुखण्यांनाही हाच प्रश्न विचारता येतो: हा उपाय नक्की कुठे काम करतो? मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या घशाच्या सुजलेल्या त्वचेतलं पाणी ओढून घेतात आणि चिकटा सुटा करतात. संसर्ग मरत नाही, गिळणं सुसह्य होतं. मध खोकल्यावर खरंच बरा. मुलांच्या रात्रीच्या खोकल्यावर तो निदान काहीच न देण्यापेक्षा चांगला ठरलाय. पण एक वर्षाखालच्या बाळाला मधाचं बोटही नाही, कारण मधात क्वचित बोट्युलिझम या जिवघेण्या विषबाधेच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि बाळाचं आतडं त्यांना रुजू देतं. लवंगेतलं युजेनॉल दाढ बधिर करतं, दंतवैद्यही ते जस्ताच्या भस्मात कालवून तात्पुरतं भरण म्हणून वापरतात. कीड मात्र आतमध्ये तशीच सुरू असते. एरंडेल कसं काम करतं याचा नेमका धागा तर 2012 मध्ये हाती लागला: त्यातलं एक आम्ल आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या स्नायूंवरच्या एकाच जागी जाऊन बसतं आणि त्यांना आवळायला लावतं. म्हणून गरोदर बाईला एरंडेल नको, हे आता कारणासकट सांगता येतं.

जुलाबांच्या बाबतीत मात्र जुनं शहाणपण पुष्कळ ठिकाणी साफ चुकलं होतं. ‘पोटाला विश्रांती द्या, पाणीसुद्धा बंद’ असं सांगितलं जाई, आणि माणसं जुलाबाने नव्हे तर कोरडी पडून मरत. आतड्याच्या भिंतीत मीठ आणि साखर जोडीनेच आत घेणारं एक दार असतं, आणि त्यांच्यामागून पाणी जातं. रॉबर्ट क्रेन यांनी ही कल्पना 1960 मध्ये मांडली. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, शिरेतून द्यायची सलाइनं संपत आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं ते 3.6 टक्क्यांवर आलं. घरी पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे सपाटच. मीठ वाढलं तर लहान मुलाला उलट अपाय होतो.

मग ज्या उपायांत काहीच दम नाही त्यांनीही गुण का येतो? कारण आपण उपाय केव्हा करतो ते बघा. दुखणं सुरू होताच नव्हे, ते असह्य झालं की. म्हणजे शिखरावर. शिखरावरून रस्ता बहुतेक खालीच उतरतो, तुम्ही काहीही घ्या. अपचन, सर्दी, डोकेदुखी यांचं असंच आहे. त्यात कुणीतरी हातात गरम कप दिला, पाठीवर हात फिरवला, की पोटही जरा सैलावतं. बोमाँटला चिडलेल्या माणसाच्या पोटात जे दिसलं त्याची ही दुसरी बाजू.

अडचण येते ती दुखणं शिखरावरून उतरून पुन्हा पुन्हा चढतं तेव्हा. जठराच्या व्रणाचा दोष अनेक दशकं तिखटावर आणि काळजीवर ढकलला गेला. लोक सोडा आणि दूध घेत राहिले, दुखणं दबत राहिलं, व्रण आत खोल होत राहिला. बहुतेक व्रणांमागे एक जिवाणू आहे हे ऑस्ट्रेलियाचे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी 1982 नंतर दाखवलं. कुणी विश्वास ठेवेना म्हणून मार्शल यांनी 1984 मध्ये त्या जिवाणूंचं पाणी स्वतः पिऊन जठर सुजवून घेतलं. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आज त्यावर दोन आठवड्यांच्या आसपास प्रतिजैविकांचा कोर्स असतो. कुठल्याही काढ्याने ते होत नाही.

त्यामुळे दोन आठवडे घरचे उपाय करूनही जे परत येतंय, ते दाखवायला हवं. गिळताना घास अडकतोय, वजन आपोआप उतरतंय, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसतंय, शौच डांबरासारखी काळी होतेय, किंवा पन्नाशी उलटल्यावर आयुष्यात पहिल्यांदाच असं अपचन सुरू झालंय, तर दोन आठवडेही थांबायचं नाही. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, तेही डॉक्टरला सांगा.) आणि छातीतली ‘जळजळ’ जबडा, खांदा किंवा हाताकडे सरकत असेल, सोबत घाम आणि धाप असेल, तर ओव्याच्या बरणीला हात न लावता सरळ रुग्णालय गाठा. हृदयविकाराचा झटका अपचनाचं सोंग फार छान घेतो. सोड्याने ढेकर आली म्हणून तो गॅसच होता, असं सिद्ध होत नाही.

डॉक्टरने ‘काय काय घेतलंत?’ विचारलं की बहुतेकजण ‘काही नाही’ म्हणतात. सोडा, सुंठ, चूर्ण यांना औषधात धरायची आपल्याला सवयच नाही. पण आम्लनाशकं काही प्रतिजैविकं, थायरॉइडच्या गोळ्या, लोह यांना शरीरात शोषू देत नाहीत. त्यांच्यामध्ये निदान दोन तासांचं अंतर लागतं, थायरॉइडच्या गोळीला तर चार तासांचं. सोनामुखीचं चूर्ण रोज घेतलं तर रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाच्या काही गोळ्या त्यामुळे बाधतात. तेव्हा घरून निघताना एका कागदावर सगळं लिहून न्या: कोणतं चूर्ण, किती चमचे, किती दिवस. डब्यावरचं नाव नीट वाचता येत नसेल तर डबाच पिशवीत टाका.